वाचक विचारतात : थंडीच्या देशात मेटल डिटेक्टर

प्रश्न : जानेवारीत मुलीकडे इंग्लंडमधल्या स्विंडनला जातो आहे. तिथल्या एका शेतकऱ्याने त्याच्या शेतात डिटेक्टर फिरवायला होकार दिला आहे. माझ्या यंत्रात चार पेन्सिल सेल बसतात. ते तिकडच्या थंडीत चालेल का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : यंत्र चालेल, दगा देतील ते सेल. थंडीत त्यांच्यातली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून साधे अल्कलाइन सेल शून्य अंशाच्या आसपास लवकर मान टाकतात. ते फेकू नका. उबेत आणले की पुन्हा चालतात. जादा संच आतल्या खिशात ठेवा आणि आलटून पालटून वापरा. चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल जास्त टिकतात. यंत्र लिथियम-आयन बॅटरीचं असेल तर ती शून्याखाली चार्ज करू नका, आत धातूचा थर धरून ती कायमची खराब होते. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात.

हात गरम ठेवायला मिळणाऱ्या पुड्यांत लोखंडाची भुकटी असते. हातमोज्यात ती पुडी असली तर पिनपॉइंटर (खड्ड्यातल्या वस्तूची नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) उगाच ओरडतो.

ग्राउंड बॅलन्सचं, म्हणजे मातीतल्या खनिजांचा सिग्नल यंत्राने सोडून द्यावा म्हणून करायच्या जुळणीचं, मात्र नीट पाहा. डिचोलीच्या लोहयुक्त जांभ्या मातीसाठी तुम्ही सेन्सिटिव्हिटी उतरवून ठेवली असेल. स्विंडनच्या दक्षिणेला खडूच्या टेकड्या आहेत, त्या जमिनीत लोह फारच कमी. तिथे सेन्सिटिव्हिटी वाढवता येते, पण बॅलन्स नव्यानेच करायचा. गाडीतून काढल्या काढल्या नको. कॉइल, म्हणजे जमिनीवर फिरवायची चकती, थंड होताना यंत्राचं गणित सरकतं. वीसेक मिनिटं बाहेर ठेवून बॅलन्स करा, अर्ध्या तासाने पुन्हा एकदा.

बर्फ सिग्नल अडवत नाही, पण 10 सेंटीमीटर बर्फ साचला असेल तर तेवढीच खोली हातची गेली. गोठलेलं ढेकूळ उचकटून नाणं काढू नका, ओरखडे पडतात. दुपारपर्यंत थांबा. केबल गारठून कडक होते, कॉइलच्या सांध्यापाशी ती ओढू नका.

घरी परतल्यावर यंत्र बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि तासाभराने उघडा. एसी गाडीतून म्हापशाच्या बाजारात उतरल्यावर चष्म्यावर वाफ धरते, तशीच ती सर्किटवर धरते.

कायद्याचंही लक्षात असू द्या. एव्हबरीच्या प्राचीन दगडी वर्तुळासारख्या संरक्षित स्थळी परवान्याशिवाय डिटेक्टर वापरणं गुन्हा आहे. 1996च्या ट्रेझर ॲक्टमध्ये (सापडलेल्या खजिन्याविषयीच्या कायद्यात) बसणारी वस्तू सापडली तर 14 दिवसांत कॉरोनरला, म्हणजे तिथल्या चौकशी अधिकाऱ्याला, कळवावं लागतं.

प्रश्न : मोरजीच्या ओल्या वाळूत माझा डिटेक्टर सारखा टिवटिव करतो. सुक्या वाळूत ठीक असतो.
– एक वाचक, पेडणे

उत्तर : खारं पाणी वीजवाहक असल्याने एकाच फ्रिक्वेन्सीचं यंत्र फसतं. बीच मोड असेल तर तो लावा, नसेल तर सेन्सिटिव्हिटी उतरवा. बॅलन्स ओल्या वाळूवरच करा आणि पाण्याच्या रेषेला समांतर चाला. पावसात वाहून गेलेली वाळू हिवाळ्यापर्यंत किनाऱ्यावर परत साचते, त्यामुळे जड वस्तू डिसेंबरात जास्त खोल असतात.