कोंकचा अभ्यास सुरू करताना

अभ्यासासाठी तुम्ही कोंक निवडलंत, फार छान केलंत. पण थेट इतिहासाला हात घालू नका, आधी नकाशा उघडा. दक्षिण फ्रान्समधलं हे गाव उश ओढा दुर्दू नदीला मिळतो तिथल्या चढावर वसलंय. सपाट जागा जवळजवळ नाहीच, म्हणून घरं एकमेकांना खेटून आणि छपरं शिस्ट दगडाच्या पातळ फरशांची. एवढ्या आडबाजूला इतकं भव्य मठाचं चर्च कसं, हा प्रश्न मग आपसूक पडतो. 9व्या शतकात इथल्या भिक्षूने आजाँ शहरातून संत फ्वा या ख्रिस्ती हुतात्मा मुलीचे अवशेष पळवून आणले. पुढे फ्रान्समधल्या ल प्वीहून स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्राला पायी निघालेले यात्रेकरू इथे थांबू लागले. सगळं गाव त्यावर उभं राहिलं.

चर्चच्या पश्चिम दारावरचं अंतिम निवाड्याचं, म्हणजे जगाच्या शेवटी देव सगळ्यांचा न्याय करतो त्या प्रसंगाचं शिल्प घाईत उरकू नका. कमानीच्या पट्टीमागून डोकावणारे छोटे चेहरे तर मुद्दाम शोधा, मला ते सगळ्यांत प्रिय आहेत.

कागदपत्रं चाळताना नावं जपून: फ्रेंच क्रांतीआधी प्रांत रूएर्ग, 1790पासून जिल्हा आव्हेरों, आणि 2016पासून शेजारच्या गावांसह कोंक-आँ-रूएर्ग. जुन्या जमीनमोजणीचे नकाशे रोदेझच्या जिल्हा अभिलेखागारात आहेत, तिथूनच सुरुवात करा.