कामावरची गरोदर बाई आणि महिन्याची नऊ तारीख

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं. या वेळचा विषय: कामगारांच्या बाळंतपणाची तयारी आणि त्यात मालकाचा वाटा.

प्रश्न: हिंगणघाट तालुक्यात आमचं जिनिंग (कापसातली सरकी काढण्याचा कारखाना) आहे. हंगामात ४० जण असतात, त्यात १४ बाया. दरवर्षी दोन-तीन जणी गरोदर असतात. त्यांच्यासाठी गर्भसंस्काराचा वर्ग ठेवा, असा मुलीचा आग्रह आहे. कोण शिकवेल, काय शिकवायचं आणि खर्च किती?

उत्तर: मुलीचं ऐका, फक्त नाव बदला. मंत्र आणि संगीत ज्याच्या त्याच्या घरी असू द्या. कामावर शिकवायचं ते माता-बाल संरक्षण कार्ड, गोळ्या, तपासण्या, धोक्याची लक्षणं आणि दवाखान्याची वाट.

पण वर्गाच्याही आधी एक कागद भिंतीवर लागला पाहिजे. दिवस गेल्याचं कळलं तर मुकादम उद्यापासून येऊ नको म्हणेल, या धास्तीने बाई चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत तोंड उघडत नाही. पहिली तपासणी १२ आठवड्यांच्या आत व्हायला हवी, ती इथेच हुकते. म्हणून मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा: गरोदर आहे म्हणून कोणालाही कामावरून काढणार नाही, वर्गाची आणि तपासणीची मजुरी कापणार नाही. तो कागद मुकादमाकडून सगळ्यांसमोर वाचून घ्या. भीती त्याचीच असते.

शिकवायला बाहेरचा वक्ता नको. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना साधं पत्र द्या आणि उपकेंद्राच्या एएनएम (परिचारिका) किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवण्याची विनंती करा. त्यांचा लसीकरणाचा दिवस आणि महिन्याची मीटिंग आधी विचारून घ्या, नाहीतर ऐनवेळी कोणी येत नाही. त्यांना मानधन लागत नाही. तुमचा खर्च म्हणजे १४ बायांची पाऊण तासाची मजुरी, एक सतरंजी आणि पाण्याचा माठ.

फक्त गरोदर बायांना बोलावू नका. तसं केलं की कोणाला दिवस गेलेत ते सगळ्या आवारात कळतं, आणि जिला लपवायचं आहे ती येत नाही. सगळ्या बायांना बोलवा, पुरुषांनाही येऊ द्या. एक गुरुवार सोडून पुढच्या गुरुवारी एक विषय, असे चार विषय फिरते ठेवा, म्हणजे कोणी कोणत्याही महिन्यात असली तरी दोन महिन्यांत सगळं ऐकून होतं. वेळ कामाची हवी. जेवणाच्या सुटीत ठेवलेल्या वर्गाला बाई डबा खाईल की ऐकेल? जागाही रेच्यांपासून, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांपासून, लांब बघा. मशीनच्या आवाजात एएनएमचं बोलणं पहिल्या ओळीपलीकडे जात नाही.

पहिला विषय कार्ड आणि गोळ्यांचा ठेवा, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. लोह आणि फॉलिक अॅसिडची लाल गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, जेवणासोबत. या दोन गोळ्या एकत्र घेतल्या की लोह अंगी लागत नाही, मध्ये किमान दोन तास हवेत. चहाचंही तसंच. जिनिंगमध्ये चहा ठरलेल्या वेळी येतो आणि बाया गोळी त्याच घोटासोबत गिळतात. लाल गोळी रात्री झोपताना, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घ्यायला सांगा. शौचाला काळी होते ती गोळीमुळे, घाबरायचं कारण नाही. गोळ्यांनी बाळ फार मोठं होतं आणि अडतं, ही समजूत सासूबाईंकडून येते. एएनएमने ती सगळ्यांसमोर खोडलेली बरी.

दुसरा विषय खाणं, पाणी आणि काम. तुमच्या आवारात बायांसाठी कडी लागणारं, पाणी असलेलं संडास आहे का, हे आधी बघा. नसेल तर भरपूर पाणी प्या, हे शिकवून उपयोग शून्य. जायला जागा नाही म्हणून बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीचा संसर्ग होतो, आणि संसर्गातून महिने भरण्याआधी कळा सुरू होऊ शकतात. मार्चनंतर आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. गरोदर बाईला सकाळची पाळी, सावलीतलं बसून करायचं निवडीचं काम द्या. कापसाची गाठोडी डोक्यावर वाहणं आणि रेच्याजवळ तासन्‌तास उभं राहणं, दोन्ही बंद.

उरलेले दोन विषय म्हणजे धोक्याची लक्षणं, आणि कळांपासून चिकाच्या दुधापर्यंतचा प्रवास. त्यांचा तपशील खालच्या एका उत्तरात आला आहे.

आता नऊ तारीख. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यानंतरच्या गरोदर बायांची डॉक्टरकडून मोफत तपासणी होते. त्या दिवशी रविवार किंवा सुटी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. या दिवशी भरपगारी पूर्ण सुटी द्या, अर्धी नको. का, ते साखरेच्या तपासणीवरून कळेल. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाच-दहा मिनिटांत प्यायचं, उपाशी असण्याची गरज नाही, आणि बरोबर दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा १४० किंवा जास्त आला तर गरोदरपणातली साखर समजतात. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा. बाराला कामावर ये, असं मुकादमाने बजावलेली बाई ग्लुकोज पिते आणि रक्त न देताच परतते. कार्डावरचा तो रकाना कोराच राहतो.

प्रश्न: आमचे अकाउंटंट म्हणतात, हंगामी रोजंदारीच्या बायांना बाळंतपणाची पगारी रजा लागू नाही, आणि लागू असली तरी ईएसआय (कामगार राज्य विमा योजना) देईल. खरं काय?

उत्तर: दोन्ही चूक. कापसाचं जिनिंग-प्रेसिंग एवढंच करणारा कारखाना ईएसआयच्या नियमांत हंगामी ठरतो आणि त्या योजनेतून वगळलेला आहे. म्हणजे रजेचा पगार थेट मालकाच्या खिशातून. सोबत वर्षभर चालणारी तेलघाणी असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा ईएसआय कार्यालयात विचारा.

रोजंदारीचं म्हणाल तर दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या बायांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच त्यांना हा हक्क दिला. अट एकच, अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तरी ही अट आणि २६ आठवड्यांची पगारी रजा तीच आहे. त्यातले बाळंतपणाआधी जास्तीत जास्त ८. हयात मुलं दोन किंवा अधिक असतील तर एकूण १२, आधी जास्तीत जास्त ६.

हिशेब असा मांडा. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस १० जुलै असेल तर नऊ महिने आणि सात दिवस मिळवा: १७ एप्रिल, ही अपेक्षित तारीख. आठ आठवडे मागे गेलात की २० फेब्रुवारी, तिथून रजा घेता येते. सहा आठवडे मागे ६ मार्च. त्याआधीचा एक महिना, म्हणजे ६ फेब्रुवारीपासून, तिने मागणी केली तर उभं राहण्याचं किंवा कष्टाचं काम देता येत नाही. १ नोव्हेंबरपासून ती सलग येत असेल तर साप्ताहिक सुट्या वगळून १९ फेब्रुवारीपर्यंत साधारण ९५ हजेऱ्या होतात. ८० कधीच ओलांडले.

पैसे देण्याची वेळही ठरलेली आहे. बाळंतपणाआधीच्या काळाची रक्कम गरोदरपणाचा दाखला मिळताच आगाऊ, उरलेली जन्माचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत. मालकाने मोफत वैद्यकीय सोय केलेली नसेल तर वर ३५०० रुपये वैद्यकीय बोनस. एएनएमचा वर्ग भरवला म्हणून हा बोनस टळत नाही. मूल पोटात राहिलं नाही तर सहा आठवडे पगारी रजा. ही तरतूद बायांना जवळपास कोणीच सांगत नाही, म्हणून ती भिंतीवरच्या कागदात टाका.

प्रश्न: मी डाळमिलमध्ये ड्रायव्हर आहे. बायको पहिलटकरीण, सातव्यात दारव्ह्याकडे माहेरी जाणार. मला त्यातलं काय शिकायचं? तिकडे तिची आई आहेच.

उत्तर: रात्री दोन वाजता फोन तुम्हालाच येणार आहे, म्हणून शिकायचं. ओटी भरून ती गेली की इकडची आशाताई सुटते आणि तिकडच्या आशाताईला ती माहीतच नसते. मधले दोन महिने कोणीच बघत नाही, आणि रक्तदाब चढायचा तो याच काळात.

तिच्यासोबत माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे कागद, रक्तगट, सिकलसेलचा (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा) अहवाल, आधार आणि बँक पासबुक द्या, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत. कार्ड घरी विसरलं तर तिकडचा डॉक्टर तिला कोऱ्या पाटीवर तपासतो. पोचल्याच्या आठवड्यात तिकडच्या उपकेंद्रात नोंद करायला लावा. पहिल्या मुलासाठी मातृवंदना योजनेचे ५००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, त्याचा अर्ज ती इथे असतानाच भरून टाका.

डोकं सतत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर-हातांवर सूज, झटके, अंगावरून रक्त, पाणी जाणं, ताप, बाळाची हालचाल मंदावणं: यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ लावा. साध्या कळांना सरकारी दवाखान्यात नेण्यासाठी १०२ मोफत आहे, परत घरी सोडण्यासाठीही. गाडी आलीच नाही तर गावातलं कोणतं चारचाकी वाहन, रक्त द्यायला कोणते दोघं, हे आजच ठरवा.

बाळ झाल्यावर पहिल्या तासात छातीशी लावायचं. पहिलं पिवळसर, घट्ट दूध म्हणजे चीक, तो पिळून टाकायचा नाही. सिझेरियन झालं तरी हेच. मधाचं बोट नको, घुटी नको, पाणीसुद्धा नको, सहा महिने फक्त आईचं दूध. पहिली आंघोळ किमान २४ तास लांबवा. खाटेखालच्या शेगडीचा धूर बाळाच्या छातीत जातो, ऊब द्यायची तर आईच्या अंगाची द्या. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायला हव्यात. घरी जाऊन नवजात बाळ बघण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून उभी राहिली आणि पुढे देशभर गेली. त्या आल्या नाहीत तर फोन करा.

खासगी नोकरीत बापाला रजेचा कायदा नाही. मालकाकडे आताच पाच-सात दिवस मागून ठेवा. नेमका दिवस सांगता येत नसतो, म्हणून बदली ड्रायव्हर कोण ते तुम्हीच सुचवा. मालक नाही म्हणतो तो बहुतेक वेळा गाडी उभी राहील म्हणून.

प्रश्न: चंद्रपूरकडच्या आमच्या कारखान्यात सगळ्यांची सिकलसेल तपासणी करून अहवाल ऑफिसात ठेवायचा विचार आहे. योग्य आहे का?

उत्तर: तपासणी शिबिर ठेवा, अहवाल ठेवू नका. तो ज्याचा त्याच्या हातात, बंद पाकिटात. सोल्युबिलिटी ही प्राथमिक तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे फक्त दोष आहे एवढंच कळतं. वाहक की रुग्ण, म्हणजे एएस की एसएस, ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या तपासण्यांवरच ठरतं. नवरा-बायको दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. गर्भाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांतच करावी लागते, म्हणून शिबिरात नवविवाहितांना आधी घ्या. एसएस असलेल्या बाईने लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. वर्गात हे सांगायचं राहिलं तर तिथे सांगितलेलं तिच्या बाबतीत चुकीचं ठरू शकतं.

प्रश्न: माझी २० एकर कपाशी आहे, वेचणीला दहा-बारा बाया. मी थोडीच कारखानदार आहे, मला यातलं काय लागू?

उत्तर: कायद्याने जवळजवळ काही नाही, ही आपल्याकडची मोठी फट आहे. पण ९ तारखेला वेचणी ठेवू नका, एवढं तरी तुमच्या हातात आहे. फवारणीच्या दिवशी आणि औषधाच्या बाटलीवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत गरोदर बाईला त्या वावरात पाठवू नका, फवाऱ्यासाठी पाणी आणायलाही नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, ते विसरण्यासारखं नाही. वेचलेल्या कापसाचं गाठोडं वजनकाट्यापर्यंत दुसऱ्याने न्यावं, किलो तिच्याच नावावर लिहावेत.

प्रश्न: आमच्या युनिटमध्ये गरोदर कामगारांचं सामूहिक डोहाळजेवण ठेवलं तर चालेल का? की उगाच दिखावा?

उत्तर: जरूर ठेवा. सासू, आई आणि नवरा तिघंही कामाच्या ठिकाणी येतात असा तो एकच दिवस. ओटी भरण्याआधी एएनएमला वीस मिनिटं द्या, जेवणानंतर नाही, तेव्हा कोणी थांबत नाही. ओटीत नारळासोबत लाल गोळ्यांची पट्टी आणि १०२, १०८ लिहिलेला कागद टाका.