घर बंद होतं तरी बिल का आलं, आणि दिवे मध्येच प्रखर का होतात?

बिलाचं आधी सांगतो. महाराष्ट्रात एक युनिटही वापरलं नाही तरी स्थिर आकार लागतोच, तो जोडणीचा असतो. युनिटच्या दरावर वहन आकार (वीज तारांतून घरापर्यंत आणण्याचा) वेगळा, कधी इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चातल्या फरकाचा), आणि या सगळ्यावर घरगुती ग्राहकाला 16 टक्के वीज शुल्क. म्हणून ‘दर गुणिले युनिट’ केलं की हिशोब कधीच जुळत नाही. रीडिंगच्या जागी सरासरी किंवा ‘लॉक’ (घर बंद, म्हणून रीडिंग घेतलं नाही) दिसलं, तर मीटरचा फोटो काढून तक्रार करा.

पण मला खरी काळजी तुमच्या दिव्यांची वाटते. मिक्सर लावला की एका खोलीतला दिवा मंदावतो आणि दुसरीतला लख्ख होतो, हे लक्षण बहुतेक वेळा सैल न्यूट्रलचं, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरचं असतं. थ्री फेज जोडणीत, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन वायर (फेज) असतात तिथे, न्यूट्रल तुटला की 230 व्होल्टच्या जागी एखाद्या फेजवर 350 च्या वरही दाब चढू शकतो. आमच्याकडे असंच झालं होतं. फ्रिज आणि टीव्ही एकाच संध्याकाळी गेले. मीटरपाशी न्यूट्रलचा स्क्रू काळा पडला होता, वायरचं आवरण वितळलेलं.

तेव्हा आजच मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. शेजाऱ्यांकडेही असंच होत असेल तर दोष खांबावरचा, लगेच वीज कंपनीला फोन करा. नुसता स्टॅबिलायझर लावून थांबू नका.