‘ए कारॉ’ म्हणजे ‘शुभ सकाळ’ नव्हे

प्रश्न : नोकरीनिमित्त नायजेरियातल्या लागोसला आहे. योरुबा सहकाऱ्याच्या घरी बारशाचं आमंत्रण आहे. ‘एकारो’ म्हणजे ‘शुभ सकाळ’, हे कळलं. मग बारशाला ‘शुभेच्छा’ कसं म्हणायचं?

उत्तर : ‘शुभ सकाळ’ हेच मुळात इंग्रजीचं उष्टं. आपल्या पणज्यांनी ते कधी कुणाला म्हटलं नाही. आता त्याच चष्म्यातून योरुबा भाषेकडे पाहायचं आणि वर ‘एकारो म्हणजे गुड मॉर्निंग’ असे तक्ते एकमेकांना पाठवत बसायचं, याचा वीट आलाय.

या शब्दात ‘शुभ’ कुठेही नाही. मूळ रचना ‘ए कू आरॉ’. ‘आरॉ’ म्हणजे सकाळ. ‘ए’ म्हणजे तुम्ही. उच्चार आपल्या ‘ए’ आणि ‘ॲ’ यांच्या मधला. ‘कू’मधला स्वर पुढच्या शब्दाने गिळला की ‘ए कारॉ’ होतं. दुपार म्हणजे ऑसां, म्हणून ‘ए कासां’. संध्याकाळ म्हणजे इरॉले, म्हणून ‘ए कूरॉले’. रात्र म्हणजे आले, म्हणून ‘ए काले’. ‘ए कारॉ’ म्हणताना ‘का’वर आवाज चढतो आणि शेवटचा ‘रॉ’ खाली बसतो. सपाट ‘एकारो’ म्हटलंत तर समजून घेतील, पण कान टवकारून.

गंमत इथून पुढे आहे. ‘ए कू’ला वेळच जोडायला हवी असं नाही, समोर जे चाललंय ते जोडायचं. काम करणाऱ्याला ‘ए कू इशे’ (इशे म्हणजे काम). बाहेरून आलेल्याला ‘ए काबॉ’, कारण आबॉ म्हणजे परत येणं. बसलेल्यांना ‘ए कू इजोको’. पावसात भेटलात तर ‘ए कू ओजो’. बऱ्याच दिवसांनी भेटलात तर ‘ए कू ऑजॉ मेता’, शब्दशः ‘तीन दिवस’, मग मध्ये तीन वर्षं गेली असली तरी! आपल्याकडे गावात ‘काय, शेतावर निघालात?’, ‘काय, बाजार का?’ असं म्हणतात ना, तोच प्रकार. पिशवी हातात दिसत असते, तरी विचारायचं. माझ्या मते ‘ए कू’चा खरा मराठी अवतार हा ‘काय, …?’ आहे, आणि कोशांनी तो तसाच द्यायला हवा.

आता या ‘कू’चं मूळ. योरुबात ‘मरणे’ हे क्रियापदही ‘कू’, त्याच चढ्या सुरात. त्यावरून ‘हे लोक सकाळी उठून मरणाचं नाव घेतात’ असली पुडी सोडणारे आहेत. मग ‘कर जोडले’, ‘कर भरला’ आणि ‘काम कर’ यांतल्या तिन्ही ‘करां’ची एकच आई शोधा! दुसरा पक्ष म्हणतो, हा ‘उरणे’वाला ‘कू’ आहे: ‘सकाळपर्यंत टिकलात, छान’. ऐकायला गोड, पण ‘उरणे’चा ‘कू’ खालच्या सुरात असतो आणि अभिवादनाचा चढ्या. योरुबात सूर बदलला की शब्द बदलला. सुराकडे कानाडोळा करून व्युत्पत्ती सांगणाऱ्यांचं मी तरी मनावर घेत नाही. अभिवादनाचा ‘कू’ स्वतंत्र धरावा, हे बरं.

बारशाचं राहिलंच. त्याला ‘इसॉमॉलोरुकॉ’ म्हणतात. ऑमॉ म्हणजे मूल, ओरुकॉ म्हणजे नाव. हल्ली जन्मानंतर आठव्या दिवशी करतात; पूर्वी मुलीचं सातव्या, मुलाचं नवव्या आणि जुळ्यांचं आठव्या दिवशी असे. आईला म्हणायचं ‘ए कू एवू ऑमॉ’. ‘एवू’ म्हणजे धोका. बाळंतपणाच्या संकटातून पार पडलात, हा त्यातला भाव. यजमानाला ‘ए कू इनावो’. ‘ना’ म्हणजे खर्चणे, ‘ओवो’ म्हणजे पैसा. म्हणजे तुम्ही केलेल्या खर्चाची दखल. हेच लग्नात चालतं आणि पिकल्या वयात गेलेल्या माणसाच्या उत्तरकार्याच्या जेवणावळीतही. वयाने लहान असेल त्याला ‘ए’ऐवजी ‘ओ कू’. वडीलधाऱ्याला ‘ओ कू’ म्हणालात तर ते ‘काय रे’ झालं. नमस्कार आधी लहानाने करायचा. पुरुष जमिनीवर पालथे पडून दंडवत घालतात, बायका गुडघे टेकतात. पाहुण्याने थोडं वाकलं तरी भागतं.

बारशात तबकातल्या वस्तू चाखायला देतात तेव्हा कान उघडे ठेवा, सगळा श्लेषाचा खेळ आहे. मध आणि मीठ चवीपुरतं स्पष्ट आहे. पण ‘ओरोग्बो’ हा कडू दाणा का? कारण ‘ग्बो’ म्हणजे जून होणे. मूल म्हातारं होईपर्यंत जगो. (‘ग’ आणि ‘ब’ एकाच क्षणी म्हणायचे, ‘गबो’ नव्हे.) कोला हा खायचा दाणा म्हणजे ‘ओबी’, आणि ‘बी’ म्हणजे मागे ढकलणे, म्हणून ओबी मरण आणि आजार परतवतं.

मला ‘ए कू’ सर्वांत आवडतो तो मात्र सिएरा लिओनच्या राजधानीमुळे, फ्रीटाउनमुळे. गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणाऱ्या 1807 च्या कायद्यानंतर ब्रिटिश आरमार गुलामांची जहाजं पकडून त्यांतल्या माणसांना सिएरा लिओनमध्ये उतरवू लागलं. त्यांत योरुबा बोलणारे पुष्कळ. भेटले की ‘ए कू, ए कू’. म्हणून लोकांनी त्यांचं नावच ‘आकू’ पाडलं. तेव्हा ‘योरुबा’ हे नाव मुख्यतः ओयो या राज्याच्या लोकांपुरतं होतं; सगळ्यांसाठी ते मिशनऱ्यांनी रूढ केलं. पुढे बिशप झालेल्या सॅम्युएल अजायी क्राउदर यांचा ‘योरुबा’ शब्दसंग्रह 1843 चा. (‘अजायी’ म्हणजे पालथं जन्मलेलं मूल; हे नाव आईबाप निवडत नाहीत, मूल घेऊनच येतं.) 1854 मध्ये कोएल या जर्मन पंडिताने आक्षेप घेतला की एका गटाचं नाव सगळ्यांना लावणं चूक आहे, आणि स्वतः ‘आकू’ वापरलं. आक्षेप रास्त, पण उपाय? सगळ्या मराठी माणसांना ‘रामराम’ जात म्हणण्यासारखा. गांबियात मात्र ते नाव टिकलं. तिथल्या क्रिओ समाजाला आजही आकू म्हणतात, आणि त्यांची बोली योरुबा नसून इंग्रजीतून घडलेली क्रिओ आहे.