सांगलीत दोन ससे पाळायला महिन्याला किती खर्च येतो? कमी कसा करता येईल?

मी विश्रामबागेत राहते, दोन ससे आहेत. सध्या महिन्याला 900 च्या आसपास जातात: 600 खाण्याचे, 300 डॉक्टरच्या खर्चासाठी डब्यात बाजूला टाकते. पहिल्या वर्षी याच्या दुप्पट जात होते.

जोडी आणली तेव्हा विकणारा शपथेवर म्हणाला, "ताई, दोन्ही माद्याच आहेत." सव्वा महिन्यात सहा पिल्लं! मादी 31 दिवसांत विते आणि व्यायल्या व्यायल्या परत गाभण राहू शकते. तेव्हा घरी नेण्याआधी नर-मादी डॉक्टरकडून बघून घ्या. जोडीच हवी असेल तर निदान नराचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या, तेही सशांचं काम केलेल्या डॉक्टरकडूनच. ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं जगतो, त्या हिशेबात हा खर्च काहीच नाही.

पैसे वाचतात ते खाण्यात. मी आधी रंगीत दाण्यांच्या पिशव्या आणि ऑनलाइन टिमोथी गवत मागवायचे. सशाला मुख्यतः लागतं वाळलेलं गवत. त्याचे दात जन्मभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात. आता दिवाळीनंतर शिराळ्याकडच्या ओळखीच्यांकडून गवताच्या पेंढ्या आणून माळ्यावर टाकते. कुबट वास आला की ती पेंढी बाद, बुरशी चालत नाही. लसूणघास कुठल्याही गोठ्यावर मिळतो, पण त्यात कॅल्शियम फार. पिल्लांना ठीक, मोठ्यांना रोज दिला तर लघवीचा त्रास होतो. संध्याकाळी मंडई उठताना मुळ्याचा पाला, कोथिंबिरीचे देठ फुकट मिळतात, धुऊन द्या. द्राक्षबागेतला पालाही फुकटच असतो, पण एवढ्या फवारण्या झालेला पाला मी घरात आणत नाही. पोळी, बिस्किट, उसाचे तुकडे नकोतच.

घराला खर्च नाही. तासगावहून आलेले बेदाण्याचे पुठ्ठ्याचे खोके, खाली गोणपाट. खोके कुरतडून संपले की दुसरे. उन्हाळ्यात फुटका माठ आडवा ठेवून वर ओलं फडकं टाकते. पारा तिशीच्या वर गेला की सशाला सोसत नाही, आणि आपल्याकडचा एप्रिल तुम्हाला माहीतच आहे.

डॉक्टरच्या बाबतीत मात्र काटकसर नको. एकदा सकाळपासून एकाने तोंड लावलं नव्हतं. उन्हामुळे असेल म्हणून मी रात्र जाऊ दिली. आतडं थांबलं होतं. वाचला, पण दोन दिवस सुया-सलाइन आणि 2,400 रुपये. बारा तास खाल्लं नाही, लेंडी पडली नाही, तर थांबू नका. कुत्र्याचं गोचिडांचं औषध घरचं म्हणून लावू नका, त्यात बऱ्याचदा फिप्रोनिल असतं आणि ते सशाला घातक असतं. पेनिसिलिनच्या जातीचं औषध तोंडावाटे दिलं तरी जिवावर बेततं, डॉक्टरला आठवण करून द्यायला लाजू नका.

आणि ऊसतोडीत सापडलेलं पिल्लू कुणी "फुकट ससा" म्हणून आणून दिलं तर घेऊ नका. तो रानससा, 1972 च्या वन्यजीव कायद्याने पाळता येत नाही, आणि घरात सहसा जगतही नाही.

लेंड्या न कुजवता थेट कुंडीत टाकता येतात. शेजारच्या काकू त्या नेतात आणि बदल्यात गच्चीवरची मेथी देतात. ती वरच्या हिशेबात धरलेली नाही.