तीन लाख वीस हजारांचं जहाज

प्रश्न: मी 59 वर्षांचा, डोंबिवलीत राहतो. सात महिन्यांनी खासगी कंपनीतून निवृत्त होईन. हातात पगार 85,000, घरखर्च 48,000, कर्ज नाही. मुलगी स्वतःच्या पायावर उभी आहे. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि एफडी मिळून 62 लाख जमतील, ईपीएसचं पेन्शन 6,000. लाकडी जहाजांची मॉडेल्स करायची इच्छा शाळेपासूनची. ‘व्हिक्टरी’ या जुन्या ब्रिटिश युद्धनौकेचं 1:72 प्रमाणातलं किट परदेशातून 1,10,000, छोटा टेबल सॉ, लेथ आणि मिलिंग मशीन 1,40,000, हातअवजारं-रंग 30,000, बाल्कनी बंद करून कामाची जागा 40,000, असे एकूण 3,20,000. एफडी मोडावी का? जहाजं विकून दोन-तीन वर्षांत पैसे निघतील असं वाटतं. पत्नीचा विरोध आहे. पुढे मुंबईत बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ जहाज करायचं स्वप्न आहे.

उत्तर:

नमस्कार.

जहाजं विकून पैसे निघतील, हे आधी डोक्यातून काढून टाका. व्हिक्टरी म्हणजे 104 तोफांचं, तीन डोलकाठ्यांचं जहाज. प्रत्येक तोफेचं दार वेगळं, शेकडो कप्प्या, आणि दोरकामाला तर अंतच नाही. हात बसलेल्या माणसालाही दीड-दोन हजार तास लागतात. रोज तीन तास, आठवड्याचे पाच दिवस बसलात तर 2,000 तासांना अडीच वर्षं होतात. समजा कुणी कौतुकाने दोन लाख मोजले, तरी किटचे 1,10,000 वजा करून तुमच्या हाती तासाला 45 रुपये पडतात.

सीमाशुल्क धरलं तर तेही उरत नाहीत, आणि ते तुमच्या आकड्यांत कुठेच नाही. खेळणी आणि प्रमाणबद्ध मॉडेल्स कस्टम्सच्या एकाच शीर्षकाखाली येतात. तिथला मूळ दर 2020 मध्ये 20 वरून 60 टक्क्यांवर गेला आणि 2023 मध्ये 70 टक्के झाला. तो नुसत्या किमतीवर नाही, वाहतूक आणि विमा धरून लागतो, आणि त्या सगळ्या बेरजेवर जीएसटी. या हिशेबाने तुमचं किट दाराशी येईपर्यंत मी दोन लाखांच्या आसपास धरेन. ऑर्डर देण्याआधी त्या दिवशीचा दर कुरिअर कंपनीकडून लेखी मागून घ्या.

आता घरचा हिशेब. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांची मर्यादा आहे. 8.2 टक्क्यांनी महिन्याला सरासरी 20,500 पडतात. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत दोघांच्या नावे 15 लाख, 7.4 टक्क्यांनी 9,250. पेन्शनचे 6,000 मिळवले की 35,750 होतात. खर्च 48,000, म्हणजे पहिल्याच महिन्यापासून 12,250 कमी पडणार आणि ते उरलेल्या 17 लाखांतून काढावे लागणार. त्याच 17 लाखांत अडीअडचणीचे पैसेही आले आणि दरवर्षीची महागाईही आली. तुमचे 3,20,000 म्हणजे ही तूट 26 महिने भरून काढणारी रक्कम आहे. शिवाय नोकरी संपली की बहुतेक ठिकाणी कंपनीचा आरोग्य विमाही संपतो. पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारतो: तुमची स्वतःची पॉलिसी आहे का? नसेल तर याच महिन्यात घ्या. जहाज थांबेल, पॉलिसीतल्या जुन्या आजारांच्या प्रतीक्षेची मुदत मात्र घेतल्या दिवसापासूनच मोजली जाते.

एवढ्यावरून मी छंदाला नाही म्हणतोय असं समजू नका. माणसं निवृत्तीच्या पैशाची पै न् पै लावतात आणि सकाळी दहा ते संध्याकाळी सहा काय करायचं हे कुणी लिहीत नाही. मी निवृत्तांच्या कागदात छंदाची ओळ औषधांच्या लगेच खाली टाकतो. तुमच्याही टाकणार आहे. माझा आक्षेप फक्त क्रमाला आहे.

किट आणि मशीन एकत्र घेण्यातच मोठी चूक आहे. किटमध्ये आडव्या चौकटी कापलेल्या येतात, फळ्यांच्या पट्ट्याही मापाने कापलेल्या. मग टेबल सॉने कापणार काय? डोलकाठी निमुळती करायला लेथ लागत नाही. गोल काठी हातड्रिलमध्ये धरून फिरवायची आणि पॉलिश पेपर लावायचा. मिलिंग मशीनचं तर नावच काढू नका. स्वतः लाकूड चिरून, नकाशावरून सगळं करणाऱ्याला मशीनची गरज पडते, आणि ती पायरी चढायला तुम्हाला दोन-तीन वर्षं आहेत.

ठाण्यातल्या माझ्या एका ग्राहकांकडे मी पट्टी बसवताना पाहिली आहे. 5 मिमी रुंद, दीड मिमी जाड अक्रोडाची पट्टी. अर्धा तास गरम पाण्यात भिजवली, मग गरम सोल्डरिंग आयर्नच्या नळीवर हलक्या हाताने वाकवत आणली, फेविकॉल लावलं, कपड्यांचे चिमटे मारले. नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, पट्टी कडेवर उभी राहिली. त्यांनी हूं की चूं केलं नाही. ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडलं, सांधा सुटला, पट्टी काढली, छोट्या रंध्याने टोकाकडे निमुळती केली आणि पुन्हा लावली. एका पट्टीला चाळीस मिनिटं. टेबलावर एकही मशीन नव्हतं. त्याच घरात, कपाटावर, त्यांनी दहा वर्षांपूर्वी सुरू केलेलं एक मोठं युद्धनौकेचं मॉडेल आहे. एक बाजू फळ्या लावलेली, दुसरीकडे बरगड्या उघड्या. अर्धवट मॉडेलला बाजारात गिऱ्हाईक नसतं. ते पैसे गेले ते गेले, असं त्यांनीच मला सांगितलं.

म्हणून सुरुवात लहान होडीने करा. 1:24 प्रमाणातली सपाट बुडाची डोरी, मग फळीवर फळी चढवलेली नॉर्वेजियन प्रॅम. या दोन्हींची शिकाऊंसाठीची किट्स मिळतात, आणि एकेक दारात यायला बारा-पंधरा हजार धरा. फळी वाकवणं, निमुळती करणं, सांधा बसवणं हे सगळं त्यांत येतं, आणि बसायला जेवणाचं टेबल पुरतं.

अवजारांसाठी परदेशी पेट्या मागवू नका. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जा. कटर आणि पाती, स्टीलची पट्टी, लहान रंधा, पॉलिश पेपर 120, 240 आणि 400 नंबरचे. मग झवेरी बाजारात सोनारांच्या अवजारांच्या दुकानात जा. बारीक कानशी, सोनारी करवत, अर्धा मिमीचं भोक पाडायचं हातड्रिल, चिमटे, सगळं तिथे. तार ओढायची भोकांची पट्टीही घ्या. बांबूची काडी तिच्यातून ओढली की फळ्यांना मारायचे लाकडी खिळे होतात. हे सगळं आठ-दहा हजारांत बसावं.

आणि व्हिक्टरी तुमचं जहाज नाहीच, असं मला पत्र वाचून वाटलं. तिच्याबद्दल तुम्ही फक्त किंमत लिहिलीत. त्रिंकोमालीबद्दल ‘स्वप्न’ हा शब्द वापरलात. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागात बांधलेलं, 1817 मध्ये पाण्यात उतरलेलं हे जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगतंय. तिचे मूळ नकाशे मुंबईला येताना ज्या ‘जावा’ जहाजावर होते ते 1812 मध्ये अमेरिकनांच्या हाती पडलं आणि नकाशे पुन्हा पाठवावे लागले. तुम्हाला तेवढी अडचण नाही. ग्रीनिचच्या संग्रहालयाकडे जुन्या ब्रिटिश युद्धनौकांच्या नकाशांचा मोठा साठा आहे आणि प्रती विकत मिळतात.

त्रिंकोमालीचंही आधी अर्धं मॉडेल करा. नुसतं जहाजाचं धड, एकच बाजू, फळीवर बसवून भिंतीला टांगायचं. जुने गोदीवाले असंच करत. दोरकाम नाही, तोफा नाहीत, काचेची सव्वा मीटरहून लांब पेटी नाही. डोंबिवलीच्या घरात हा मुद्दा पैशाइतकाच मोठा आहे. साग लहान प्रमाणात भरड दिसतो, हेदूचं लाकूड बारीक पोताचं आणि पिवळसर. सुताराकडे वखारीतले तुकडे मागा, पट्ट्या त्याच्याकडूनच चिरून घ्या. मशीनचे 1,40,000 इथे वाचतात.

रक्कम अशी ठरवा. पगार चालू आहे तोवर दर महिन्याला 6,000 वेगळ्या खात्यात, सात महिन्यांचे 42,000. दोन लहान किट, अवजारं आणि काही रंग यांत येऊन जातं. निवृत्तीनंतर महिन्याला 2,000, एफडी न मोडता. एखाद्या महिन्यात नाही खर्च झाले तर साठू द्या, नकाशे आणि लाकूड त्यातून येईल. बाल्कनी बंद करू नका. वहिनींचा विरोध तिथून सुरू झाला असणार, आणि भुशाची धूळ बंद जागेत तुमच्याच छातीत जाईल. टेबलावर प्लायवुडचा एक पाट ठेवा, काम झालं की सामानासकट उचलून पलंगाखाली. पावसाळ्यात तो प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. दमट हवेत पट्ट्या फुगतात आणि सांधे उघडतात.

डोरी पुरी झाली की तिला लागलेले तास लिहून ठेवा आणि फोटोसह मला कळवा. मशीनचा विषय आपण तेव्हा काढू.