मधुमेह आणि किडनी: बाबांच्या ताटाची सुरुवात

ताई, दोन पथ्यांचे दोन कागद हातात आले की ताटात उरतं काय, असं वाटतं. बरंच उरतं. सध्या एवढंच बघा.

- मीठ: दिवसाचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट छोटा चमचा. भाजी अळणी करून शेजारी पापड-लोणचं वाढलंत तर उपयोग शून्य. 'लो सोडियम' मीठही आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि किडनीच्या रुग्णाला ते घातक ठरू शकतं.

- रक्तातली साखर फारच उतरली तर: किडनी मंदावली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून असे प्रसंग वाढतात. तेव्हा शहाळं किंवा संत्र्याचा रस नको, दोन्हींत पोटॅशियम भरपूर. तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बाबांच्या खिशात ग्लुकोजची पुडी कायम असू द्या.

- डाळ: धसक्याने बंद करू नका, नवखे इथेच चुकतात आणि माणूस खंगत जातो. डायलिसिस नसेल तर प्रथिनं दिवसाला साधारण वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. डायलिसिसवर गरज उलट वाढते. नेमका आकडा डॉक्टरच देतील.

पालक-बटाटा रिपोर्टात पोटॅशियम वाढलं असेल तरच आवरा. तेव्हा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि पाणी ओतून द्या. नुसतं वाफवून भागत नाही.

काढे, 'किडनी साफ' चूर्णं यांना सरळ नाही म्हणा, नातेवाईक रुसले तर रुसू देत! फॉस्फरस, म्हणजे किडनीच्या आजारात जपावं लागणारं आणखी एक खनिज, त्याचं नंतर बघू. आधी किडनीच्या आहारतज्ज्ञांची वेळ घ्या, ताजा रिपोर्ट सोबत न्या.